जाळीच्या सिस्टरांचं घर

उचगाव, कोल्हापूर
८ जुलै २००२

प्रिय पास्कू,

दर नाताळला आणि ईस्टरला तुला कार्ड पाठवते. सहा वर्षांत एकाचंही उत्तर आलं नाही. हे पत्र तरी फाडायच्या आधी वाच, कारण काम माझ्या एकटीचं नाही, आम्हा अकरा जणींचं आहे.

आमचा बंगला मालकानं विकला. पुढच्या जूनपर्यंत जागा सोडायची आहे. तसंही इथं दिवस काढणं कठीणच झालंय. प्रार्थनेच्या खोलीत गळतं, आणि मदर बर्नादेत छत्री उघडून जपाला बसतात. ऐंशीच्या घरात आल्या आहेत. दिसतही नाही फारसं. पूर्वी आमचं प्रत्येक पत्र वाचायच्या, आता न वाचताच पाकीट बंद करू देतात.

गडहिंग्लजच्या एका कुटुंबानं कागलच्या अलीकडे वीस गुंठे जागा दिली आहे. बांधायला मात्र हातात काही नाही. मिस्सेच्या प्रसादाच्या ओस्त्या भाजून आणि मेणबत्त्या करून पोटापुरतं मिळतं. आम्ही मठाचं फाटक ओलांडून कुणाच्या दारात जाऊ शकत नाही, हे तुला नव्यानं काय सांगू? इथल्या चर्चचे फादर म्हणाले, "चर्चच्या घंटेची वर्गणी पास्कीननं काढली होती. तिला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही."

आईबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. ती अत्यवस्थ असल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा उपवासकाळ सुरू झाला होता. त्या चाळीस दिवसांतली पत्रं मदरच्या कपाटात राहतात आणि ईस्टरनंतर हातात येतात. मला कळलं तेव्हा आईला जाऊन वीस दिवस झाले होते. यापलीकडे मी काय सांगू?

तुझी आक्का,
सिस्टर सेलिन

---

उद्यमनगर, कोल्हापूर
२१ जुलै २००२

आक्का,

पत्र फाडणारच होते. आमच्या कारखान्यातला केरबा समोर वेल्डिंग करत होता. तो म्हणाला, "ताई, आधी वाचा की, मग फाडा." म्हणून वाचलं.

तुझं त्या वर्षीचं ईस्टरचं कार्ड मी चुलीत घातलं होतं. 'आईला माझा मुका दे' असं लिहिलं होतंस. आईला पुरून तीन आठवडे झाले होते. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, शेवटचे सव्वीस दिवस तिनं खाट सोडून आजऱ्याच्या घरातल्या रस्त्याकडच्या खिडकीत काढले. कोल्हापूरची एसटी आली की गजाला धरून उठायची. "जासू आली काय गं?" सिस्टर सेलिन हे नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही. मी म्हणायचे, पुढच्या गाडीनं येईल. दिवसाला सहा गाड्या होत्या.

सहा वर्षं तुझ्या नावानं बोटं मोडली. आता म्हणतेस पत्रच हातात पडलं नाही. मग चूक माझी. उपवासकाळ लागलाय हे मला दिसत होतं, तार करायची अक्कल सुचायला हवी होती. आई माझ्या आळसापायी तशी गेली असं म्हणायचं. हे गिळायला मला आठ दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

वर्गणी काढते. पण माझी पद्धत फादरना आवडणार नाही. मी चर्चपुरती राहणार नाही. आपली माणसं आजऱ्यात, गडहिंग्लजात आणि इथं मिळून मूठभर. त्यांच्यावर अकरा खोल्या उभ्या राहात नाहीत.

पास्कीन

---

उचगाव
६ ऑक्टोबर २००२

प्रिय पास्कू,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, सांगितलं तर हसशील. आळस वगैरे मनात आणू नकोस. आईचं तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं.

एका विटेच्या किमतीला एक, अशी 'एक वीट' कुपनं विकायची तुझी कल्पना मदरना फार आवडली. रोज रात्रीच्या जपात तुझं आणि तुझ्या केरबाचंही नाव घेतो आम्ही. सोबत डबाभर ओस्तीच्या कडा पाठवते आहे. गोल कापून उरलेल्या आहेत, गल्लीतल्या पोरांना वाट. लहानपणी तू त्या फ्रॉकच्या ओच्यात भरून पळायचीस.

तू पत्रकासाठी मजकूर मागितलास. मदर तो लहान सिस्टरला सांगून लिहवून घेत आहेत. मला वाचायला दिला नाही. म्हणतात, तुझी बहीण छापणार, तिलाच आधी वाचू दे. नाताळनंतर मिळेल.

एक मागणं आहे. नव्या घरात भेटीच्या खोलीला जाळी लागेल. पाहुणे एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. ती जाळी तुझ्या हातची असावी अशी माझी फार इच्छा आहे. करशील?

तुझी आक्का

---

उद्यमनगर
२४ नोव्हेंबर २००२

आक्का,

पुढच्या रविवारपासून तुमचा नाताळाआधीचा आगमनकाळ, परत पत्रांच्या कपाटाला कुलूप. म्हणून सगळं आत्ताच लिहिते.

पाया भरून झाला. इंजिनिअर प्रसेनजीत कांबळे, आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीतला. नकाशाचे पैसे घेईना. त्याची आई चिमणाबाई म्हणाली, "आमी बुद्धविहार बांदलं तवा तुज्या नवऱ्यानं गेट फुकट दिलंतं. आमी इसरलो न्हाय." माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्याचं गेट अजून कामाला येतंय.

बाकी ठिकाणी मात्र तोंडाला फेस आला. लोक तुम्हाला 'जाळीच्या सिस्टर' म्हणतात. एका तालमीच्या वस्तादांनी विचारलं, "शाळा चालवत न्हाईत, दवाखाना न्हाय. नुस्तं बसून जप कराय घर कशाला पायजे ओ?" मी म्हटलं, "तुमच्या तालमीत पोरं नुस्ती बसून दंड फुगवत्यात, त्याला वर्गणी मागायला येताय न्हवं आमच्या दारात?" त्यांनी पन्नास विटांची कुपनं घेतली.

हुपरीला चन्नाप्पा म्हणून चांदीवाले आहेत. त्यांनी काहीच विचारलं नाही. "आमच्यात बी मठ हाईत, आक्का. मठाला 'का' म्हणून इचारायचं नसतंय." कुपनांच्या सोडतीत बक्षीस म्हणून पैंजणांचा जोड काढून दिला, चांगला वजनदार. आणि सोडतीत तो लागला कुणाला, तर फादरना! सगळं चर्च हसून लोळलं. त्यांनी तो बायडाबाईला दिला, त्या झाडू मारणाऱ्या. सत्तर वर्षांची बाई पैंजण वाजवत गाभारा झाडते आता.

जाळी करते. मलाही ती कुणा दुसऱ्याकडून नको आहे. आक्का, खरं सांगू? दारोदार फिरताना वाटतं, आपण आईचंच काहीतरी करतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा मला नीट झोप लागते.

पास्कू

---

उद्यमनगर
४ मार्च २००३, मंगळवार

सिस्टर सेलिन यांस,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. आज संध्याकाळी सहाला स्वतः येऊन, वस्तू आत-बाहेर द्यायच्या तुमच्या भिंतीतल्या फिरत्या कपाटात ठेवीन आणि घंटा वाजवून निघून जाईन. उद्या राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू. आता तुम्हाला ईस्टर होईपर्यंत उत्तर लिहिता येणार नाही. दिवस बघूनच निवडला आहे.

मदरचा मजकूर मिळाला. छापखान्यात उभ्याउभ्या वाचला. तुम्हाला वाचायला मिळाला नाही म्हणून खाली उतरवते:

'आमच्या एका भगिनीची आई आजऱ्याला मरणशय्येवर होती. उपवासकाळ असूनही आम्ही ते पत्र भगिनीला त्याच दिवशी दिले व जाण्याची मुभा दिली. दारात जीप उभी होती. ती फाटकापर्यंत गेली, आणि मागे फिरून प्रार्थनेला बसली. आईचे अखेरचे दर्शन तिने प्रभूला अर्पण केले. अशा भगिनींना छप्पर हवे आहे.'

मदरनी हे कौतुकानं सांगितलंय. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, तुम्ही मला काय लिहून कळवलंत!

पत्र हातात होतं. जीप दारात होती. आजरा दोन-अडीच तासांवर. आणि आई गजाला धरून दिवसाला सहा वेळा उठत होती. वर ते कार्ड! 'आईला माझा मुका दे'! मी मात्र जुलैपासून स्वतःला दोष देत फिरते आहे, की तार केली असती तर. तुम्ही मला तो दोष घेऊ दिलात. 'आळस मनात आणू नकोस' म्हणून वर समजूतही काढलीत. सिस्टर, खोटं बोलणारी माणसं मी रोज बघते, भंगारवाले बघते, पण एवढी सफाई कुणाच्या हातात नाही.

मी त्या मजकुरातलं एक अक्षर गाळलं नाही. हजार प्रती छापल्या. गडहिंग्लजला चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर माइकवर मीच वाचून दाखवला. बायका डोळ्याला पदर लावत होत्या. एकीनं बोटातली अंगठी काढून दिली. मुरगूडला, आजऱ्याला सगळीकडे हेच. तुमच्या स्वयंपाकघराचा स्लॅब आईच्या मरणावर पडला आहे, हे तिथं भाकरी थापताना ध्यानात असू द्या.

घर पुरं करणार. बाकी दहा जणींनी माझं काही वाकडं केलेलं नाही. जाळीही करणार. तुम्ही मागितलीत ना, मग मिळेल.

आईनं तुमच्या उत्तराची वाट सव्वीस दिवस पाहिली. तुम्हाला त्याहून जास्त दिवस देते. हे पत्र जवळ ठेवा आणि गप्प बसा.

पास्कीन बारदेस्कर

---

उचगाव
२१ एप्रिल २००३, ईस्टरचा सोमवार

पास्कू,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. बरोबरच आहे.

मजकुरातलं सगळं खरं आहे, एक शब्द सोडून. अर्पण मी काहीच केलं नाही. मी घाबरले होते.

त्याआधीची दोन वर्षं माझं इथं मन लागत नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, मदरनाही नाही. रात्री उठून बसायचे आणि घर आठवायचं. तुझं पत्र आलं. मदर म्हणाल्या, जा. मी चप्पल घातली, फाटकाची कडी हातात घेतली. तेव्हा कळून चुकलं, की आईनं एकदा नुसतं 'राहा' म्हटलं तर मी राहीन. मग अठरा वर्षं कशासाठी काढली? जीपवाल्यानं हॉर्न दिला. मी कडी सोडली. आत गेले तर मदरनी मला कवटाळलं आणि म्हणाल्या, केवढं मोठं अर्पण! मी त्यांना नाही म्हटलं नाही. तिथून सगळं खोटं सुरू झालं.

कार्ड खोटं होतं. जुलैचं पत्रही. तू दोष स्वतःवर घेतलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

सात वर्षं या बायका माझ्याकडे संत असल्यासारख्या बघत होत्या. काल ईस्टरच्या जेवणाला, बोलायची मुभा मिळाल्यावर, मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. कुणी ताटाला हात लावला नाही. मदर म्हणाल्या, "ती पत्रकं परत मागवा." आणि उठून गेल्या. आज सकाळी त्यांनी माझ्याशी बोलणं टाळलं.

माफी मागायला मला तोंड नाही. जाळी तुला हवी तशी कर.

जासू

---

उद्यमनगर
१६ जून २००३

सिस्टर सेलिन यांस,

काल नव्या घराला आशीर्वाद झाला. मी मागं उभी होते, बायडाबाईच्या शेजारी. तुम्ही अकरा जणी रांगेनं आत गेलात आणि दार लागलं. माझं काम संपलं. पत्रकं परत मागवायचा प्रश्न येत नाही, लोकांनी ती देवघरात लावली आहेत.

भेटीच्या खोलीत अजून बसला नसाल तर बसा. जाळी नवी नाही. आजऱ्याच्या घराची रस्त्याकडची खिडकी आहे. मी आणि केरबानं छिन्नीनं उपटून आणली. केरबा कुरकुरत होता, "ताई, हजार रुपयांत नवं गज मिळत्यात की. ह्यो गंजका माल कशाला?" मी त्याला बजावलं, घासायचं नाही आणि रंगाचा हात लावायचा नाही. मदरना सांगितलं, जुनं लोखंड टिकाऊ असतं. त्यांनी आभार मानले.

डावीकडून तिसरा गज धरून बघा. बाकीच्यांवर गंज आहे, त्याच्यावर वीतभर जागा काळी गुळगुळीत आहे. तिथं आईची मूठ असायची.

तुमच्या नियमाप्रमाणे महिन्याच्या चौथ्या रविवारी चार वाजता घरच्या माणसाला भेटता येतं. तुमच्या घरचं माणूस आता मीच उरले आहे. मी येणार नाही. जुलैत नाही, ऑगस्टात नाही, कधीच नाही. त्या गजामागं बसून रस्त्याचे आवाज ऐकायचे, एवढंच मी तुमच्यासाठी बांधलं आहे. बाकीचं घर त्या दहा जणींचं.

पास्कीन बारदेस्कर

---

कागल रस्ता
२७ ऑक्टोबर २००३

पास्कू,

पहिल्याच दिवशी खिडकी ओळखली. मधल्या गजाला आपण दिवाळीत कंदील बांधायचो, तारेचा वळसा अजून तसाच आहे.

जूनपासून काल धरून पाच रविवार झाले. चार ते पाच मी तिथं बसते. कुणी ये म्हणून सांगितलेलं नाही, कुणी येणार नाही हेही तू स्पष्ट लिहिलं आहेस, तरी गाडीचा आवाज आला की मान वर होते. तिसऱ्या गजावर मूठ ठेवली तर माझा हात त्या गुळगुळीत जागेच्या वर पडतो. आई माझ्यापेक्षा बुटकी होती. खाली वाकून धरावं लागतं. पाच वाजता मदर विचारतात, "कुणी आलं का गं?" त्या आता माझ्याशी बोलतात.

तू जे द्यायचं ठरवलं होतंस ते मला पूर्ण मिळालं आहे. थांबव असं म्हणत नाही.

फक्त एक कळवते, काम तुझं आहे म्हणून. तिसरा गज खालून सुटला आहे. हात लावला की खडखडतो.

जासू

---

उद्यमनगर
१८ फेब्रुवारी २००४

आक्का,

केरबाला पाठवून काम झालं असतं. नोव्हेंबरात त्याला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "तुमची जाळी हाय, तुमी जावा." माझ्याच पगारावर जगतो आणि मलाच शिकवतो.

मग मीच निघाले. चौथा रविवार, नोव्हेंबरातला. लूना घेऊन तुमच्या फाटकापर्यंत आले. चार वाजायला दहा मिनिटं होती. आत तू बसली असशील हे मला माहीत होतं. म्हटलं, बसू दे. लूना वळवली. डिसेंबरात परत आले, परत वळवली. जानेवारीत तर कडीवर हात ठेवला होता. मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला आणि मी कडी सोडली.

घरी येईपर्यंत अंगाचा नुसता भडका उडाला होता. तुझा राग आला, नेहमीचा. पण त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा, की फाटकापर्यंत जाऊन मागं फिरणं किती सोपं असतं ते मला तुझ्याकडून शिकायला लागलं. पायांना काही करावंच लागत नाही. मी आठ वर्षं समजत होते की त्यासाठी फार दुष्ट असावं लागतं.

तुला माफ केलंय असा अर्थ काढू नकोस. केलेलं नाही. आईचे सव्वीस दिवस तू मला परत देऊ शकत नाहीस आणि मी ते विसरणार नाही. तुझ्या तोंडावर हे बोलायचंही आहे, पत्रातून बोलून माझं समाधान होत नाही.

येत्या रविवारी, बावीसला, चार वाजता येते. बुधवारी राख आहे, मग तुमचं पुन्हा कुलूप. त्याआधी गज बसवायला हवा. मी केलेल्या कामातला गज हलतो असं कुणी म्हटलेलं मला चालणार नाही. वेल्डिंगचं सामान जीपमधून आणते. मदरना सांगून बाहेरच्या बाजूला वायर ओढून ठेव.

एक अडचण आहे. बाहेरून वेल्डिंगचा डाग मारताना गज आतून कुणीतरी सरळ धरून ठेवावा लागतो, नाहीतर तिरका बसतो. हातमोजे मी फिरत्या कपाटातून आत सरकवीन. तू धर.

पास्कू